टाकल्याचा दाखला

पत्र पेटीत टाकलं की मुकुंदभाई पेटीच्या पोटावर दोन थापा मारायचे, दूध काढून झाल्यावर गाईच्या पाठीवर मारतात तशा. मग चार बोटं फटीत घालून पाकीट कुठे अडकलं नाही ना, ते बघायचे. मग पेटीवरच्या पत्र्यावरची टपाल उचलायची वेळ वाचून ती आपल्या घड्याळाशी ताडून बघायचे. एवढं झाल्याशिवाय पेडण्याच्या बाजारातून त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. समोर पणजीची बस उभी असली आणि कंडक्टर दारातून हात हलवत असला तरीही.

"भाई, पडलं आत. आवाज ऐकला मी," मी म्हणायचो.

"आवाज पडल्याचो. टाकलां म्हणजे गेलां नाय, आणि गेलां म्हणजे पावलां नाय," असं म्हणून मग ते बसकडे वळायचे.

परवा त्यांच्या निवृत्तिवेतनाचे कागद पाठवायला त्यांच्या पत्नीने, कुसुमवहिनींनी, मला पोस्टात धाडलं. मुकुंदभाई आता नाहीत. पाकीट काट्यावर ठेवलं, छापील पावती हातात आली, आणि मी सवयीने शेजारच्या दुकानात जाऊन तिची झेरॉक्स काढली. ही छापील शाई वर्षभरात उडते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. झेरॉक्स हातात घेऊन मी दुकानाच्या पायरीवर बराच वेळ उभा राहिलो. पावतीची झेरॉक्स काढणं ही भाईंच्या आयुष्यात साधी गोष्ट राहिली नव्हती.

आम्ही शेजारी, आणि पणजीच्या एका कचेरीत काही वर्षं सहकारीही. मी हिशेबाच्या टेबलावर नवा होतो, ते निवृत्तीला आले होते. त्यांच्याकडे जावक, म्हणजे कचेरीतून बाहेर जाणारं टपाल. टेबलाच्या उजव्या हाताला एका काचेच्या वाटीत ओला स्पंज असायचा. तिकीट जिभेने भिजवलेलं त्यांना खपत नसे. "सरकारी तिकीट तां. लोणच्याची फोड न्हय," असं नव्या मुलांना ऐकवायचे. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता नसेल तर ते पाकीट तसंच परत यायचं, मग ते साहेबांचं असो. आणि पोस्टाच्या खिडकीवर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "शिक्को जरा वाचूक येयत असो मारात." खिडकीवरचा माणूस कंटाळून म्हणायचा, "मुकुंदभाई, तुमच्यासाठी शिक्क्याची पूजा करून ठेवतो." तेही हसायचे, पण शिक्का वाचल्याशिवाय खिडकी सोडायचे नाहीत.

त्या काळी पोस्टात एक सोय होती, ती आता बंद झाली. पत्र साधंच पाठवायचं, पण पेटीत न टाकता खिडकीवर द्यायचं. सोबत एका कागदावर ज्याला पाठवलं त्याचं नाव आणि पत्ता लिहायचा, वर ठरलेलं तिकीट लावायचं. खिडकीवरचा माणूस त्या कागदावर तारखेचा शिक्का मारून तो परत द्यायचा. हा पत्र टाकल्याचा दाखला. त्या दिवशी हे पत्र पोस्टाच्या हवाली झालं, इतकंच तो कागद सांगतो. पोचलं का, कोणी घेतलं, याबद्दल तो काही बोलत नाही. रजिस्टर पत्राची गोष्ट वेगळी. तिथे घेणाऱ्याला सही करावी लागते, आणि जादा आकार भरला तर त्याच्या सहीचं कार्ड, म्हणजे पोचपावती, आपल्या घरी परत येते.

हे नियम कुणालाही माहीत असतात. मुकुंदभाईंचा त्यांच्यावर विश्वास होता, तो मात्र जरा जास्तच होता, आणि त्याला कारणही होतं. बेळगावकडचा मल्लाप्पा नावाचा एक गवंडी आमच्या वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, भाड्याने राहायचा. त्याच्या मुलीने पणजीच्या एका वसतिगृहासाठी अर्ज केला होता. अर्ज मुदतीत आलाच नाही, असं तिथून सांगितलं गेलं. मल्लाप्पा रडकुंडीला आला. पण अर्ज टाकताना भाई त्याच्यासोबत खिडकीवर गेले होते आणि दाखला घेऊन ठेवला होता. तो घेऊन ते वसतिगृहात गेले, शांतपणे टेबलावर ठेवला, आणि मुलीला जागा मिळाली. पुढे मल्लाप्पा गावाहून आला की खव्याच्या कुंद्याचा डबा आणायचा. भाई दारातच डबा हातात घेऊन म्हणायचे, "पावलो!" मल्लाप्पा म्हणायचा, "सही करा की मग!" दोघं खूप हसायचे. त्यानंतर वाड्यावरचे लोक महत्त्वाचं पत्र टाकायचं असलं की आधी भाईंच्या ओट्यावर यायचे.

कुसुमवहिनी या सगळ्याची थट्टा करायच्या. एकदा माझ्यासमोर म्हणाल्या, "सगळ्याचो पुरावो ठेवतास. माझ्याशी लग्न केलास, तेचो आसा?"

"आसा मगे. रजिस्ट्रारकडे दोन वेळा सही केलंय. एकदा इच्छा म्हणान, एकदा नक्की म्हणान." आमच्या गोव्यात लग्नाची नोंद खरोखरच अशी दोनदा होते.

"दुसऱ्या खेपेक मी इलंय नसतंय तर?"

"तर पयल्याची पावती होती," भाई म्हणाले. वहिनींनी हातातला टॉवेल त्यांच्यावर फेकला.

भाईंना एकच बहीण, शालिनी. ती त्यांच्याहून बरीच लहान. आई लवकर गेली, वडील कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बाग, सांभाळायचे, आणि भाई नोकरीसाठी पणजीत खोली घेऊन राहायचे. तिला अक्षरओळख व्हावी म्हणून ते दर आठवड्याला तिला मोठ्या अक्षरात पोस्टकार्ड लिहायचे. शाळेत जायच्या आधीच ती वाचायला शिकली, ती त्या कार्डांवर. एकदा त्यांनी तिला परकराचं कापड रजिस्टर पार्सलने पाठवलं. पेडण्यापासून पणजी काही लांब नाही, शनिवारी ते घरी येणारच होते. पण पोस्टमन आपल्या नावाने दारात यावा आणि आपल्याला सही मागावी, ही मजा तिला मिळावी म्हणून केलं. सही कशी करायची हे आधीच्या कार्डावर काढून पाठवलं होतं, 'श'ला मोठा वेढा देऊन. पोस्टमनने तिच्या हातात पेन दिलं तेव्हा तिने जीभ बाहेर काढून ती सही केली आणि मग वाडाभर सांगत सुटली, "माका सही मागल्यानी! माका!" ही गोष्ट सांगताना भाईंचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

शालूताई लग्न होऊन मयेला गेल्या. मुलगा लहान असतानाच नवरा गेला. शेत, घर आणि मुलगा त्यांनी एकटीने सांभाळलं. भाई दर भाऊबिजेला जायचे.

मग भाईंच्या मुलीचं, मेधाचं लग्न ठरलं. मुलगा बोटीवर नोकरीला, रजा थोडी, म्हणून तुळशीचं लग्न झाल्याबरोबर पहिलाच मुहूर्त धरला. आणि नेमके तेव्हाच भाई शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवरून घसरले. मांडीपर्यंत प्लास्टर चढलं.

आमच्याकडे बहिणीला बोलावणं जातं ते भाऊ आणि भावजय घरी जाऊन, नारळ आणि अक्षता ठेवून. छापील पत्रिका बाकीच्यांसाठी असते. वहिनी म्हणाल्या, "मी एकटीच जाऊन येतंय."

"तीन बसी बदलतलंस, आणि हय घर कोण बघतलो? मी बरोबर करतंय," भाई म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या, पत्रिकेत अक्षता बांधल्या, पाकीट नीट चिकटवलं. रजिस्टर करायचं का, यावरही त्यांनी विचार केला. कापणीचे दिवस होते. शालूताई दिवसभर शेतात असणार. रजिस्टर पत्र आलं की सही करायला घरी कोणी नाही, मग पोस्टमन चिठ्ठी ठेवून पत्र परत नेणार, आणि तिला कापणी सोडून ते आणायला जावं लागणार. साधं पत्र घरात पडतं. म्हणून साधं पाठवायचं, पण खिडकीवर कोणाला तरी धाडून दाखला घ्यायचा. बहिणीला त्रास होऊ नये इतका बारीक विचार त्यात होता. मला त्यात काही चूक काढता आली नसती, हिशेब बरोबरच होता.

लग्नाच्या दिवशी हळदीला आत्यासाठी मांडलेला पाट रिकामा राहिला. भाई खुर्चीवर, पाय पुढे लांब, दर गाडीच्या आवाजाला मान वळवत होते. शेवटी भटजी म्हणाले, "मुहूर्त थांबत नाही." मग शेजारच्या एका बाईंना त्या पाटावर बसवलं.

चार दिवसांनी मयेहून एका नातेवाइकाने निरोप आणला. शालूताई म्हणाल्या होत्या, "माका कोणी बोलवक नाय. कुंकू नाय म्हणान भावान टाळल्यान."

मी त्या वेळी भाईंच्या ओट्यावर होतो, मंडपाच्या भांड्यांचा हिशेब द्यायला गेलो होतो. विधवा बहिणीला शुभकार्यातून दूर ठेवणाऱ्या लोकांना भाईंनी आयुष्यभर तोंडावर सुनावलं होतं. आणि आता तेच त्यांच्या नावावर लागलं होतं. ते लंगडत आत गेले, कपाट उघडलं आणि तो दाखला घेऊन आले.

"हो बघ शिक्को. वाचूक येता मरे? तारीख बघ. लग्नाच्या किती आधी!"

त्यांनी त्या दाखल्याची झेरॉक्स काढायला लावली आणि सोबत पत्र लिहायला बसले. वहिनी बाजूला उभ्या होत्या. "ह्यां पाठवू नकात," त्या म्हणाल्या. "प्लास्टर सुटलां काय आपण दोघां जाऊया. नारळ घेऊया, तिचे पाय धरूया."

"पाय कित्याक धरू? मी खोटो नाय. माझ्याकडे दाखलो आसा."

या खेपेला त्यांनी पत्र रजिस्टर केलं, पोचपावतीसह. आठवड्याने कार्ड परत आलं. त्यावर सही होती, 'श'ला मोठा वेढा दिलेली. मागून निरोपही आला. "बहिणीन बोलावणां मागलां, भावान पावती धाडल्यान. आता कोर्टातच भेटूया म्हणान सांगा तेका."

तेव्हापासून बोलणं बंद झालं.

ही त्यांच्या आयुष्यातली एकच मोठी चूक, आणि ती त्यांच्यासारखाच माणूस करू शकतो. जो पुरावा वसतिगृहाच्या टेबलावर ठेवायचा, तो त्यांनी बहिणीच्या हातात ठेवला. माझ्या मते ते बरोबर होते हीच त्यांची अडचण झाली. चूक असते तर दुसऱ्या दिवशी गेले असते.

वहिनी एकदा एकट्या नारळ घेऊन मयेला जाऊन आल्या. शालूताईंनी चहा दिला, मेधाची चौकशी केली, सोलकढी-भात जेवू घातला. निघताना नारळ मात्र परत पिशवीत घातला. "तुझ्यावर राग नाय गो वहिनी. ज्यान पत्र घातल्यान, तेणीच येवचां." वहिनींनी तसंच सांगितलं. भाई म्हणाले, "मी गेलंय तर चूक माझी होती असो अर्थ होतलो." पुढे हा ताठा उतरला. पण तोपर्यंत इतकी वर्षं झाली होती की आता कुठल्या तोंडाने जायचं, ही लाज त्याच्या जागी येऊन बसली. एकदा बसने डिचोलीपर्यंत, मयेची बस मिळते तिथवर, गेले, स्टँडवर चहा प्याले आणि परत आले. हे मला वहिनींनी सांगितलं. त्यांना स्वतःला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ते करत राहिले ते एकच. दर वर्षी चतुर्थीच्या आधी शालूताईंना एक रजिस्टर पत्र, पोचपावतीसह. पत्रात जास्त काही नसायचं. "चतुर्थीक ये. मेधा येतली. कुळागर बरां आसा." उत्तर कधीच आलं नाही, पण कार्ड मात्र दर वर्षी परत यायचं. ते आलं की भाई ते घेऊन माझ्या ओट्यावर यायचे, चष्मा पुसायचे आणि माझ्यासमोर धरायचे.

"बघ. तोच 'श'. हात थरथरणा नाय."

"भाई, पत्र घ्यायचं नसतं तर त्यांना नाकारता आलं असतं," एकदा मी हिशेबाने बोललो. "घेण्यास नकार, असं लिहून पोस्टमन परत आणतो. तसं एकदाही झालेलं नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. "ह्यां माझ्या लक्षात नाय इलां," ते हळू म्हणाले. पोस्टाचा हा नियम त्यांच्या लक्षात आला नव्हता, असं मी त्या एकदाच पाहिलं. त्या दिवशी त्यांनी रस्त्यावरच्या पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, माझ्या मुलांसाठी उंडे पाव घेतले.

दुसरे लोक बहिणीचा फोटो बघतील तसे ते ती सही बघायचे. रेघ बारीक झाली की म्हणायचे, "घाईत आसतली, लावणी चलता." एका वर्षी शाई निळ्याऐवजी काळी होती, त्यावर त्यांनी दोन दिवस विचार केला. आणि मग एका वर्षी कार्ड आलं, त्यावर फक्त 'श' होता. वेढा पुरा होता, पण त्याच्यापुढे एक रेघ निघून कार्डाच्या कडेपर्यंत जाऊन तशीच खाली गेली होती. भाई ते कार्ड घेऊन आले, पण मला दाखवलं नाही. माझ्याच हातात दिलं आणि कदेलीवर, ओट्यावरच्या लाकडी खुर्चीवर, बसून राहिले.

"तिका काय तरी झालां," ते म्हणाले.

त्याच सुमाराला मेधाच्या मुलीचं, सानिकाचं लग्न ठरलं. भाई तेव्हा ऐंशीच्या पुढे गेले होते. पत्रिका छापून आल्यावर पहिली त्यांनी स्वतः पाकिटात घातली, अक्षता बांधल्या आणि मला म्हणाले, "चल पोस्टात."

खिडकीवर एक तरुण मुलगी होती. तिने पाकीट घेऊन सांगितलं, "आजोबा, रजिस्टर आता वेगळं नाही. ते स्पीड पोस्टात मिसळलं. पोचलं की मोबाइलवर मेसेज येतो."

"आणि कार्ड?"

"पोचल्याचा पुरावा पाहिजे तर मिळतो, त्याचे वेगळे पैसे. पण पहिल्यासारखं ते कार्ड नाही."

तिचं काही चुकत नव्हतं, तिने सगळं नीट आणि आदराने सांगितलं. भाईंनी पाकीट परत मागून घेतलं. त्यांच्या मागे रांग होती. ते बाजूला झाले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"सतीश, तां कार्ड तिच्या हातातसून माझ्या हातात येय," ते म्हणाले. "तितकोच हात लागायचो आमचो."

भाईंनी पाकीट उलटसुलट केलं आणि माझ्याकडे वळले.

"उद्या गाडी काढशीत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी सोललेला, शेंडी राखलेला नारळ त्यांच्या हातात दिला. स्वतः आल्या नाहीत. "तुमीच जावा," म्हणाल्या. "माझ्या हातचो नारळ तिणी एकदा परत केल्यान."

पेडण्याहून निघालो. मोपाच्या विमानतळाचा नवा रस्ता आला, एरवी भाई त्यावर बोलल्याशिवाय राहायचे नाहीत. म्हापसा, अस्नोडा गेलं. मयेच्या तळ्याजवळ पर्यटकांच्या गाड्या लागल्या होत्या. तिथून पुढे शेतं सुरू झाली, कापून झालेली. नारळ त्यांच्या मांडीवर होता आणि पाकीट खिशात न ठेवता त्यांनी हातात धरलं होतं.

अंगणात शालूताईंची सून होती, रेश्मा. भाईंनी आपलं नाव सांगितलं. तिच्या हातातलं सूप खाली आलं.

"मामा तुमी?" ती म्हणाली. "अरे देवा. थोडो उशीर केलास." मग तिला वाटलं आपण जास्त बोललो. तिने पाय धुवायला पाणी आणलं. पाणी घालता घालता तीच सांगू लागली. शालूताईंना दोनेक वर्षांपासून कुणाची धड ओळख राहत नव्हती. स्वतःच्या मुलालाही कधी ओळखायच्या, कधी नाही.

"आणि मामा, तां पत्र सापडलेलां," ती म्हणाली. "मी लग्न होऊन इलंय तेव्हा आईनीच माका सांगितल्यानी. मेधाताईच्या लग्नाचां. पोस्टमनान घराच्या खिडकीतसून आत टाकलेलां, खाली भाताची रास होती. तां भातावांगडा कणगीत गेलां. कणगी उपसली तेव्हा तळाक मेळलां, अक्षतांसकट."

भाई पाय धुता धुता थांबले. "म्हणजे पावलेलां," ते म्हणाले.

"होय."

"तिका कळलेलां मी घातलंय म्हणान?"

"कळलेलां. पण तेच्या आधी तुमची ती झेरॉक्स इल्ली मरे. आई म्हणायची, पत्र घातल्यान तां माका म्हायत आसा. इलो नाय, तो राग."

त्यांनी मान हलवली. पत्र टाकलं होतं, गेलं होतं, आणि वेळेवर पोचलंही होतं. ते शेवटपर्यंत बरोबर होते. त्यांनी पंच्याने पाय पुसले, नारळ उचलला आणि पायऱ्या चढले. मी तुळशीपाशी थांबलो.

शालूताई ओसरीतल्या सोप्यावर बसल्या होत्या. पांढरे केस नीट विंचरलेले, हात मांडीवर. भाई समोर जाऊन उभे राहिले. शालूताईंनी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग हातातल्या पाकिटाकडे. त्यांनी पदर सारखा केला, सावरून बसल्या आणि हात पुढे केला.

"खंय सही करू?"

भाईंनी रेश्माकडे बघितलं. ती हळू म्हणाली, "पाकीट घेऊन कोणी इलो काय तिका पोस्टमन वाटता."

भाईंनी नारळ खाली ठेवला. खिशातलं पेन काढलं, टोपण काढून त्यांच्या बोटांत दिलं आणि पाकीट दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर सपाट धरलं. शालूताईंनी जिभेचं टोक बाहेर काढलं आणि लिहिलं. 'श', मोठा वेढा देऊन. मग एक लांब रेघ. लिहून झाल्यावर पाकीट त्यांनी परत भाईंच्याच हातात दिलं, पोचपावतीचं कार्ड पोस्टमनला परत देतात तसं.

"घेवा. तुमचां."

भाईंनी ते घेतलं.

"उनातसून इलास. बसा. रेश्मा, पाणी हाड गो, गूळ हाड."

भाई सोप्यावर बसले नाहीत, खालच्या पायरीवर बसले. गुळाचा खडा तोंडात टाकून पाणी प्याले.

"पेडण्याचां काय?" शालूताईंनी विचारलं.

"होय. पेडण्याचां."

"माझो भाव घालता. वर्साक एक. चुकणा नाय." मग थोडं थांबून, "तुमका मेळता तो?"

"मेळता."

"तेका सांगा, पत्रां पावतत म्हणान."

"सांगतंय."

"आणि आता पत्र पुरे म्हणान सांगा. बोलवक स्वतः येवंदे. मी काय तेका खातलंय?"

"सांगतंय," भाई म्हणाले. त्यांनी नारळ उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. "हो तेणी धाडल्यान."

पुढे लग्न झालं. रेश्मा सासूला घेऊन आली, आणि हळदीला मेधाच्या आत्याचा पाट या खेपेला भरला. कोणाचं लग्न आहे हे शालूताईंना कळलं नाही, पण त्या शेवटपर्यंत बसल्या. पुढच्या पावसाआधी भाई गेले. मधल्या दिवसांत मी त्यांना अनेकदा पाहिलं, आजारातही पाहिलं. पण डोळ्यांसमोर येतात ते मयेच्या पायरीवरून उठतानाचे.

निघताना ते बहिणीपाशी गेले आणि तिच्या पाठीवर हलक्या हाताने दोन थापा मारल्या. घड्याळाकडे बघितलं नाही. मग सही केलेलं पाकीट हातात घेऊन, मागे न वळता, अंगण उतरून गाडीकडे आले. शालूताई नारळ कानाशी धरून हलवत होत्या, आत पाणी आहे का ते ऐकत.

"बरो आसा गो हो पोस्टमन," त्या रेश्माला म्हणाल्या. "आदलो कधी बसूक नाय."